कोणाचो रे तू?



मालवणच्या बंदरावर नवखा मुलगा दिसला, की त्याला पहिला प्रश्न येतो, ‘कोणाचो रे तू?’ बापाचे नाव, गाव, वाडी सांगितली की विचारणाऱ्याचे समाधान होते. कादंबरी मात्र तेथून पुढे विचारू लागते : हे सारे वडिलांचे झाले, तू कोण? या प्रश्नाशी झुंजणाऱ्या चार कादंबऱ्या आज आम्ही आपणांपुढे ठेवीत आहोत; दोन जुन्या, दोन अलीकडच्या.

भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ १९६३ सालची. खानदेशातल्या सांगवीचा पांडुरंग पुण्यास शिकावयास जातो आणि हरून गावी परततो. वडिलांशी त्याचे पटत नाही. परंतु धाकटी बहीण मनी जाते, तेव्हाच्या त्याच्या आकांतातून कळते, की घराची नाळ तुटलेली नाही.

चिं. त्र्यं. खानोलकर तर आपल्या वेंगुर्ल्याकडचे. त्यांच्या ‘कोंडुरा’ची (१९६६) भूमी हाच किनारा. घर सोडून निघालेल्यास दैवी देणगी लाभते आणि शेवटी तीच घरावर उलटते. आपण कोण हे दुसऱ्याने, मग तो देव का असेना, ठरवून दिले की काय होते, ते येथे पाहावे.

अलीकडच्यांपैकी रंगनाथ पठारे यांची ‘सातपाटील कुलवृत्तांत’ (२०१९) यादवकाळापासूनच्या पिढ्या धुंडाळते. कुळाचा अभिमान घेऊन शोधास निघालेल्यास कळते, की आपल्या रक्तात अनेकांचे रक्त आहे. आणि आपल्या सावंतवाडीच्या प्रवीण बांदेकरांच्या ‘उजव्या सोंडेच्या बाहुल्या’स २०२२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. कळसूत्री बाहुल्यांचे खेळ पिंगुळीच्या ठाकरांनी जपले, हे आपण जाणताच. त्या खेळाच्या आधारे ही कादंबरी विचारते, की आपले दोरे कोणाच्या हाती आहेत?

मंडळी, आम्ही मुलांना कोणती नोकरी धरावी ते सांगितले. तुला कोण व्हावयाचे आहे, हे मात्र कधी विचारले नाही. आज ते मुंबईस आहेत, सुखी आहेत, पण पत्रात आमच्याशी फक्त हवापाण्याचे बोलतात. आंब्याच्या दिवसांत आता घरोघरी मुंबईकर आले आहेत, कुलुपे उघडली आहेत. वाटणीच्या गोष्टी निघतीलच. त्याआधी यांपैकी एक पुस्तक आपण वाचावे, मग मुलाच्या हाती द्यावे, आणि पडवीत बसून त्याचे ऐकावे. आम्हीही या सुटीत तेच करणार आहोत. उशीर झाला असला तरी.