फाइलीचा पत्ता

एका संगणकप्रणालींतून दुसरींत जाणाऱ्या मनुष्यास भेडसावणारी पहिली अडचण बहुधा पत्त्याची असते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्टनें विंडोज १० या प्रणालीची सर्वसामान्य देखभाल थांबविली, आणि ज्यांचीं यंत्रें विंडोज ११ ला अपात्र ठरलीं, अशा गृहस्थांपुढें लिनक्सचा पर्याय आला. असा एखादा गृहस्थ जुनें विंडोज तसेंच ठेवून त्याच यंत्रांत लिनक्स बसवितो, आणि पाहतो तों सी ड्राइव्ह कोठेंच नाहीं! मुलांचीं छायाचित्रें, वडिलांचीं पत्रें, घरखर्चाचे तक्ते, सारें गेलें असें त्याला वाटतें.

वस्तुतः कांहींच गेलेलें नसतें. विंडोजमध्यें प्रत्येक डिस्कला, किंवा तिच्या प्रत्येक भागाला, स्वतंत्र अक्षर असतें. ए आणि बी हीं अक्षरें पूर्वीं फ्लॉपीकरितां राखलेलीं असत, म्हणून आंतल्या डिस्कच्या वांट्यास सी आलें. शेजारशेजारचीं वेगळीं घरें आणि ज्याचा त्याचा दरवाजा निराळा, असा हा प्रकार. लिनक्सकरितां मात्र श्रोत्यांनीं एकच दिंडीदरवाजा असलेला वाडा डोळ्यांपुढें आणावा. तेथील प्रत्येक संपूर्ण पत्ता ‘/’ या तिरप्या रेघेनें सुरू होतो. दुसरी डिस्क जोडली, पेन ड्राइव्ह लावला, तरी त्या बिऱ्हाडकरूस वाड्याच्या आंतलीच एखादी खोली मिळते. हरवलेला सी ड्राइव्ह अशाच एका खोलींत असतो. फाइली दाखविणाऱ्या खिडकीच्या डाव्या बाजूस त्या डिस्कचें नांव किंवा तिचा आकार लिहिलेला आढळतो. त्यावर टिचकी मारली कीं छायाचित्रें पुढें येतात. मॅकची रचनाहि याच जातीची आहे.

रेघेच्या दिशेचा घोळ मात्र केवळ इतिहासानें केलेला आहे. ज्या युनिक्सच्या वळणावर लिनक्स घडलें, तिच्यांत आरंभापासून ‘/’ हेंच चिन्ह होतें. मायक्रोसॉफ्टच्या डॉसची पहिली आवृत्ति १९८१ सालीं निघाली, तेव्हां तींत फोल्डरच नव्हते, आणि ‘/’ हें चिन्ह आज्ञेस पुरवण्या जोडण्याकडे खर्चीं पडलें होतें. १९८३ सालीं दुसऱ्या आवृत्तींत फोल्डर आले. जागा अगोदरच अडलेली, म्हणून रेघ उलट्या बाजूस कलती करून ‘\’ अशी घेतली. चाळीस वर्षांहून अधिक काळ लोक हा वारसा वागवीत आहेत. आणि गंमत ही कीं, आजचें विंडोज पुष्कळ ठिकाणीं ‘/’ देखील मुकाट्यानें स्वीकारतें.

याहून त्रासदायक गोष्ट लहानमोठ्या अक्षरांची. रोमन लिपींत मोठ्या अक्षरानें आरंभलेलें नांव आणि लहान अक्षरानें आरंभलेलें तेंच नांव, हीं विंडोजला सामान्यतः एकच वाटतात, लिनक्सला दोन. देवनागरींत हा भेदच नाहीं, त्यामुळें फाइलींस मराठी नांवें देणाराची यांतून आपोआप सुटका होते. उलट, नांवांतील अपूर्णविराम किंवा प्रश्नचिन्ह लिनक्सला चालतें, विंडोजला चालत नाहीं. ‘सभा १०:३०’ या नांवाची फाइल तेथें न्यावयाची तर नांव बदलावेंच लागतें.

खरें नुकसान होतें तें दुव्यांचें. घरखर्चाच्या तक्त्यांत विजेच्या पावतीच्या छायाचित्राचा दुवा ‘सी:\खर्च\पावत्या\वीज’ असा संपूर्ण पत्त्यानें लिहिलेला असेल, तर लिनक्समध्यें तो तुटतो. परंतु तक्ता ज्या फोल्डरांत आहे तेथपासूनचाच मार्ग, म्हणजे ‘पावत्या/वीज’ एवढाच, लिहिला असेल, तर सबंध फोल्डर उचलून कोठेंहि न्यावा, दुवा शाबूत राहतो. एक पायरी वर जावयाचें असल्यास ‘..’ अशीं दोन टिंबें लिहितात. ही खूण दोन्ही प्रणालींत एकच आहे. म्हणून जुनें विंडोज चालू आहे तोंवरच असे दुवे तपासून आंखूड करून घ्यावे. आणि लिनक्समध्यें तक्ता उघडून त्यांतील एकूणएक पावत्या दिसूं लागेपर्यंत विंडोज पुसूं नये.