वळिवडे : तीन पिढ्यांच्या कादंबरीचे साहित्य

परकीय स्त्री आणि तिच्या वाट्यास आलेली परवड हा विषय मराठी कादंबरीस अपरिचित नाही. विश्राम बेडेकर यांची ‘रणांगण’ ही कादंबरी १९३९ साली प्रसिद्ध झाली, आणि युरोपातून निघालेल्या बोटीवरील हॅर्टा ही जर्मन ज्यू तरुणी मराठी वाचकांच्या मनात कायमची घर करून बसली. परंतु तिची कथा एका जलप्रवासात आटोपते. त्यानंतर अवघ्या चार वर्षांनी तिच्यासारख्याच देशोधडीस लागलेल्या हजारो स्त्रिया प्रत्यक्ष महाराष्ट्राच्या भूमीवर आल्या आणि जवळजवळ पाच वर्षे येथे राहिल्या. कोल्हापूरजवळील वळिवडे या गावी त्यांचे एक नगरच वसले होते. आजी, मुलगी आणि नात अशा तीन पिढ्यांची कादंबरी ज्यास लिहावयाची आहे, त्यास याहून समृद्ध साहित्य क्वचितच हाती लागेल.

या स्त्रिया पोलंडच्या. १ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पोलंडवर पश्चिमेकडून स्वारी केली आणि १७ सप्टेंबर रोजी सोव्हिएट रशियाने पूर्वेकडून. पूर्व पोलंड रशियाच्या ताब्यात गेल्यावर तेथील कुटुंबांना हद्दपार करण्याचे सत्र सुरू झाले. पहिली मोठी लाट १० फेब्रुवारी १९४० ची. ऐन हिमवर्षावात, रात्रीच्या वेळी शिपाई दारात उभे राहत. सामान बांधण्यास थोडकी घटका मिळे. मग मालगाडीचे डबे आणि आठवड्यांमागून आठवडे प्रवास. दुसरी लाट १३ एप्रिलची. हिच्यात बहुतांशी बायकामुलेच होती. कारण त्यांचे कर्ते पुरुष आधीच पकडले गेले होते. त्यांना कझाकस्तानच्या ओसाड माळावर नेऊन टाकण्यात आले. ज्यांच्या हातांनी कधी पियानो वाजविला असेल, त्या हातांनी शेणाच्या गोवऱ्या थापून थंडी निभावली.

येथे एक गोष्ट कादंबरीकाराने नीट ध्यानात ठेविली पाहिजे. पकडलेल्या पोलिश अधिकाऱ्यांपैकी आणि इतर बंदिवानांपैकी सुमारे बावीस हजारांना त्याच १९४० च्या वसंत ऋतूत गोळ्या घालून पुरण्यात आले होते. कातिनच्या अरण्यातील प्रेते जर्मनांनी १९४३ च्या एप्रिलमध्ये उकरून काढली आणि ती वार्ता जगभर पसरली. रशियाने ती साफ नाकारली. म्हणजे वळिवड्याची वसाहत उभी राहत असताना तेथे येणाऱ्या कित्येक स्त्रियांना आपण सधवा की विधवा हेच ठाऊक नव्हते.

१९४१ च्या जूनमध्ये हिटलर रशियावर उलटला, तेव्हा पोलिश बंदिवानांची सुटका करणे रशियास भाग पडले. जनरल आंडर्स यांनी सैन्य उभारले, आणि १९४२ साली त्या सैन्याच्या पाठोपाठ हजारो बायकामुले कास्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरावर उतरली. तेथून कराची, आणि १९४३ च्या जूनपासून वळिवडे. हिमातून आलेल्या या लोकांचे स्वागत करवीरच्या पावसाने केले म्हणावयाचे! पुढे वस्ती सुमारे पाच हजारांवर गेली. पुरुष होते ते बहुतेक वृद्ध किंवा आजारी. तरुण सारे आघाडीवर. दगडी जोत्यावर चटयांच्या भिंती आणि वर कौले अशा लांबच लांब चाळी, त्यांत एकेका कुटुंबास जागा. शाळा, इस्पितळ, प्रार्थनामंदिर, नाटकगृह, टपाल कचेरी, बालवीर व वीरबालांची पथके हे सारे तेथे होते, आणि शिकविणे, शुश्रूषा करणे, शिवणे, हिशेब ठेवणे हे बहुतेक सर्व स्त्रियांच्याच हाती होते. शिक्षणाची त्यांना मोठी तळमळ. पुस्तकांचा दुष्काळ असतानाही प्राथमिक शाळेपासून शिक्षिकांच्या वर्गापर्यंत सर्व शिक्षण स्वभाषेत चाले. ज्या समाजाजवळ घर नाही, दार नाही, त्याने प्रथम फळा उभा करावा, ही गोष्ट शाळामास्तरांना तरी फार गोड वाटेल.

ज्या देशात त्या आल्या, तो तरी कोठे स्वस्थ होता? १९४२ च्या आंदोलनाचा वणवा विझला नव्हता. शेजारच्या सातारा जिल्ह्यात नाना पाटील यांचे प्रतिसरकार चालू होते. १९४३ साली बंगालमध्ये लाखो माणसे अन्नावाचून मेली. करवीरच्या गादीवर अल्पवयी महाराज होते. अशा वेळी पाच हजार परकीयांच्या अन्नवस्त्राची व्यवस्था होत असलेली पाहून आसपासच्या खेडुतांना काय वाटले असेल? ‘अतिथी देवो भव’ एवढे लिहून कादंबरीकाराने हात झटकू नयेत. वसाहतीचा खर्च लंडनमध्ये आश्रय घेतलेले पोलिश सरकार सोशीत असे. तो करवीरच्या रयतेवर पडला नाही, हेही सांगितले पाहिजे. उलट वसाहतीमुळे आसपासच्या दूधवाल्यांना, भाजीवाल्यांना, शिंप्यांना गिऱ्हाईक मिळाले, आणि त्यांच्यापैकी काहीजण मोडकीतोडकी पोलिश बोलू लागले.

काठेवाडात नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी बालाचडी येथे पोलिश अनाथ बालकांना आश्रय दिला, ती हकीकत अधिक प्रसिद्ध आहे. वॉर्सा शहरात त्यांच्या नावे चौक आहे, शाळा आहे. एका उदार राजाची गोष्ट सांगण्यास सोपी असते. वळिवड्यास असा एक नायक नाही. म्हणूनच ते इतकी वर्षे मागे राहिले असावे.

आता कादंबरीचे खरे मर्म. पुष्कळांना वाटेल की ते गोऱ्या मुलीच्या आणि कोल्हापुरी तरुणाच्या प्रेमात आहे. तशीही उदाहरणे घडली. लग्न करून कोणी कोल्हापूरकरीणही झाली. पण ते उपकथानक. मुख्य गाठ आई आणि मुलगी यांच्यामध्ये आहे. आईच्या दृष्टीने वळिवडे म्हणजे प्रतीक्षा. ती चाळीच्या ओसरीवर बसून टपालाची वाट पाहते. तिचे घड्याळ १९४० च्या त्या रात्रीच बंद पडलेले. मुलगी आली तेव्हा आठ वर्षांची, गेली तेव्हा तेरा वर्षांची. तिला पोलंडमधील घर अंधुक आठवते. कझाकस्तानची भूक आठवते, पण ती आठवण तिला नको असते. पोटभर भाकर, मैत्रिणी, शाळा, पंचगंगेकाठची भटकंती, आंबे हे सारे तिला प्रथम येथे मिळाले. आईचा वनवास तेच मुलीचे बालपण! आईने ‘आपल्या घरी जाऊ’ म्हणावे आणि मुलीने मनात म्हणावे, ‘आपण घरीच आहोत की’. हा तंटा उघडपणे कधी बोलला जाणार नाही, आणि म्हणूनच तो कादंबरीभर पुरेल.

१९४५ साली युद्ध संपले. जगाने दिवाळी केली. वळिवड्यास मात्र सुतक आले. याल्टा येथील परिषदेत पूर्व पोलंड रशियाकडेच राहावा असे ठरले होते. जुलैमध्ये इंग्रजांनी लंडनमधील पोलिश सरकारची मान्यता काढून घेऊन वॉर्सातील नव्या सरकारास दिली. ज्या गावांची नावे मुलांना भूगोलाच्या तासाला शिकविली होती, ती गावेच नकाशात सीमेपलीकडे गेली. परत जावे तर कोठे? थोड्याजणी पोलंडला गेल्या. ज्यांचे पती वा मुलगे आंडर्सच्या सैन्यात होते, त्यांची वाट इंग्लंडकडे लागली. बाकीच्या पूर्व आफ्रिकेतील छावण्यांत, ऑस्ट्रेलियात, अमेरिकेत पांगल्या. १९४८ च्या आरंभी वसाहत रिकामी झाली. त्याच सुमारास, ३० जानेवारीस गांधीजींचा वध झाला आणि कोल्हापुरात जाळपोळ उसळली. भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ त्यात भस्मसात झाला. घरे जळण्याचा वास या स्त्रियांना नवा नव्हता.

त्या चाळी मात्र ओस पडल्या नाहीत. फाळणीने उखडलेली सिंधी कुटुंबे तेथे आली आणि वसाहतीचे गांधीनगर झाले. जळगावची सिंधी कॉलनी पाहिलेल्या श्रोत्यांना त्या कुटुंबांची दैना वेगळी वर्णन करून सांगावयास नको. कराचीच्या वाटेनेच पोलिश स्त्रिया आल्या होत्या. आता त्याच कराचीस मुकलेल्या स्त्रिया त्याच चटयांच्या भिंतींआड चुली मांडू लागल्या. एखाद्या फळीवर पोलिश बालकाने कोरलेले नाव सिंधी बालकाने बोटाने गिरविले असेल, असे कादंबरीकारास कल्पिता येईल.

तिसऱ्या पिढीची कथा दूर देशी घडते. आजी इंग्लंडमध्ये वारली. तिच्या पेटीत करवीरची छायाचित्रे. १३ एप्रिल १९९० रोजी, म्हणजे त्या दुसऱ्या हद्दपारीस बरोबर पन्नास वर्षे झाली त्या दिवशी, रशियाने कातिनची हत्या आपल्याच पोलिसांनी केल्याचे कबूल केले. आजीस हवे असलेले उत्तर नातीने वर्तमानपत्रात वाचले. १९९८ साली कोल्हापूरच्या महावीर उद्यानात या निर्वासितांचे स्मारक उभे राहिले. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये खुद्द वळिवड्यास स्मृतिस्तंभ झाला. त्या वेळी पोलंडहून पाहुणे आले. त्यांत लहानपणी तेथे राहिलेली, आता ऐंशी-नव्वदीच्या घरातील माणसेही होती.

जुन्या चाळींपैकी फारच थोडे आता उरले आहे. गांधीनगर म्हणजे कापडाची मोठी घाऊक बाजारपेठ. मुलगी तेथे आली तर कोणत्या दुकानाच्या जागी आपली खोली होती, हे ती बहुधा ओळखू शकणार नाही. कोल्हापूरच्या ख्रिस्ती स्मशानभूमीत मात्र पोलिश नावांच्या कबरी आहेत, आणि ज्या आयांची प्रतीक्षा येथेच संपली, त्यांच्यापर्यंत मुलीस आणि नातीस अजून चालत जाता येते.