उगमापासून खाजनापर्यंत

खानापूरच्या देगावपासून चोडण-दिवाडीपर्यंतच्या गावांतून आलेल्या बंधू-भगिनींनो,

म्हादईच्या उगमाकडची आणि मुखाकडची माणसं आज वाळपईत एका मांडवाखाली बसली आहेत, याचं मला फार मोल वाटतं. आजवर या नदीवर बोलली ती राज्यं. 2010 मध्ये लवाद नेमला गेला, 2018 मध्ये निवाडा आला. खोऱ्यातलं पाणी 188.06 टीएमसी (अब्ज घनफूट) भरलं आणि त्यातून कर्नाटकाला 13.42, गोव्याला 24, महाराष्ट्राला 1.33 असे वाटे पडले. वाटप करणाऱ्याला पाणी मोजावंच लागतं. पण नदी राखायची, तर ती ज्यांच्या दारावरून वाहते त्या गावांनी आपसांत बोलायला हवं, असं माझं ठाम म्हणणं आहे.

कर्नाटकातल्या मलप्रभा नदीत वळवायला मंजूर झालेलं पाणी जेमतेम 3.9 टीएमसी, म्हणजे दोन टक्के. त्यासाठी एवढा गहजब कशाला, असं विचारलं जातं. हुबळी-धारवाडची तहान खरी आहे आणि ती नाकारून आपली बाजू बळकट होणार नाही. परंतु हे दोन टक्के सबंध खोऱ्याचे आणि सबंध वर्षाचे. पाणी उचलायचं आहे ते माथ्यावरच्या कळसा-भांडुरा नाल्यांतून, आणि त्या नाल्यांपुरता हा वाटा मुळीच लहान नाही. शिवाय पावसाचं पाणी रान मुरवून ठेवतं आणि पुढचे महिने झिरपू देतं. वर्षाच्या बेरजेत हे दिसत नाही. समुद्राला मिळणारं पाणी वाया जातं, हा दुसरा आक्षेप. त्याचं उत्तर खाजनातल्या, म्हणजे बांध घालून राखलेल्या खाडीकाठच्या शेतातल्या, मानशीपाशी, पाण्याच्या दारापाशी, मिळतं. भरती चढली की पाण्याच्याच दाबानं मानशीच्या लाकडी फळ्या मिटतात. ओहोटीला आतलं पाणी त्यांना ढकलून बाहेर पडतं. पावसाळ्यात आभाळातलं आणि नदीतलं गोडं पाणी मिळून खारटपणा उतरवतात, तेव्हा कुठे खाजनातलं कोरगूट जातीचं भात उभं राहतं.

सर्वांत अवघड प्रश्न मात्र आपल्याच घरातला आहे. म्हादई अभयारण्य 1999 मध्ये जाहीर झालं. जुलै 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं इथल्या व्याघ्र प्रकल्पाची अधिसूचना काढायला सांगितलं आणि सत्तरी तालुक्यात धास्ती पसरली: आमची काजूची बागायत राहील का? ही धास्ती खोटी म्हणून उडवून लावणं मला अन्यायाचं वाटतं. वनहक्कांचे दावे वर्षभरात निकाली काढा, असंही त्याच आदेशात होतं. ते वाड्यावाड्यांवर कुणी बसून समजावलं? कायदा आहे, मग चर्चा कशाला, असं म्हणणाऱ्यांनी गोळावली आठवावी. जानेवारी 2020 मध्ये तिथं एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषानं मेलेले सापडले. अभयारण्याला तेव्हा वीस वर्षं झाली होती. गोठ्यातलं जनावर वाघानं मारलं तर भरपाई कधी हाती पडेल, याचा भरवसा ज्याला नाही, त्याच्याकडून वाघ राखण्याची अपेक्षा आपण कोणत्या तोंडानं करणार?

म्हणूनच भाषणं थोडी ठेवली आहेत. दुपारची बैठक दावे आणि भरपाई यांवरच आहे. मांडवाच्या मागच्या बाजूला नकाशे लावले आहेत. आपला वाडा, आपली पाणंद, आपली झर त्यावर दाखवा, चुकलं असेल तिथं खूण करा. आणि पहिलं बोलणं उगमाकडून, देगावकरांनी सुरू करावं, अशी माझी विनंती आहे.