मांजरीची नकोशी वीण आणि औषधे



कामगार चळवळीतल्या माणसाने बोनसवर बोलावे, ग्रॅच्युइटीवर बोलावे. तो मांजरीच्या गर्भपातावर कशाला बोलतो, असे आपल्या मनात आले असेल. या विषयात आमच्या हातून एक जीव गेला आहे. त्यानंतर आम्ही जे वाचले, जाणत्यांना विचारले आणि डोळ्यांनी पाहिले, ते आपल्यापुढे ठेवावयाचे आहे.

2018 साली एका कारखान्याच्या कँटीनमध्ये एक मांजरी होती. वर्षातली तिची तिसरी वीण जवळ आली होती. ‘पिल्ले पोत्यात घालून नदीपलीकडे सोडा’ असा वरून निरोप आला. ते पाप टळावे म्हणून आमच्यातल्या एका तरुणाने औषधाच्या दुकानातून बायकांच्या गर्भपाताच्या गोळ्या चिठ्ठीवाचून आणल्या आणि ‘भाऊ, देऊ का?’ म्हणून आम्हांस विचारले. आम्ही ताळेबंद चाळीत होतो. मान हलविली. दोन दिवस रक्त जाऊन मांजरी पिठाच्या डब्यांमागे मेली. पोराने निदान विचारले तरी होते. आम्ही तेवढेही केले नाही.

आता मूळ गोष्ट. मांजरीचे बीज सहसा आपोआप सुटत नाही. बोक्याशी संग झाला म्हणजे एक-दोन दिवसांत सुटते. म्हणून गाभ सहसा चुकत नाही. दिवस साधारण 63 ते 65. चार-पाच महिन्यांची पोरही माजावर येते आणि पिल्ले अंगावर पीत असतानाच आई पुन्हा गाभण राहू शकते. हा गर्भ टिकतो प्रोजेस्टेरॉन नावाच्या अंतःस्रावावर. औषधे सारी त्याच्यावरच घाव घालतात, मात्र निरनिराळ्या बाजूंनी.

त्यांत सर्वांत सुसह्य ठरलेले ॲग्लेप्रिस्टोन. फ्रान्समध्ये 1980 च्या सुमारास स्त्रियांसाठी मिफेप्रिस्टोन निघाले, त्याच घराण्यातले हे. युरोपात परवाना मिळाला तो कुत्रीसाठी. मांजरीला डॉक्टर आपल्या जबाबदारीवर देतात. हजेरीच्या खिडकीत आधीच दुसरा कुणी ठाण मांडून बसावा आणि हक्काच्या कामगाराला बिल्ला लावावयास जागा उरू नये, तसे हे औषध करते. प्रोजेस्टेरॉन रक्तात असते, पण त्याचे काम चालत नाही. चोवीस तासांच्या अंतराने दोन सुया. गाभ पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास असता शंभरांतल्या पंचाऐंशी ते नव्वद मांजरी गाभडतात. उरलेल्यांसाठी पुन्हा सोनोग्राफी करून पाहावेच लागते.

प्रोस्टाग्लँडिन हे दुसरे. ते प्रोजेस्टेरॉन करणारी ग्रंथीच मोडते. परंतु मांजरीची ग्रंथी पहिले चाळीस-एक दिवस एकट्या त्याला दाद देत नाही. शिवाय ओकारी, जुलाब, धाप. म्हणून डॉक्टर मध्यावर त्याच्या थोड्या मात्रेबरोबर कॅबर्गोलिन देतात. ते ग्रंथीला पोसणारे प्रोलॅक्टिन तोडते. जुन्या काळच्या इस्ट्रोजेनच्या सुया मात्र आता कुणी शहाणा डॉक्टर सुचवीत नाही. गर्भाशयात पू होतो, हाडांतला मगज रक्त करावयाचे थांबतो. आणि माणसाची साधी तापाची पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजरीचा जीव घेऊ शकते, हे जाता जाता सांगून ठेवतो.

2021 साली त्याच कँटीनमध्ये दुसरी मनी आली, वर्षाचीही नसेल. या वेळी आम्ही टोपलीत घालून तिला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांचे म्हणणे असे की, मांजरी धडधाकट असेल तर औषधांच्या भानगडीत न पडता शस्त्रक्रियाच करावी. गर्भाशय आणि बीजकोश एकदाच निघतात, गाभही जातो आणि पुढचा प्रश्नही. पण ही पिसवांनी पोखरलेली, हिरड्या पांढऱ्याफटक. भूल सोसावयाची नाही. म्हणून आधी सुया, अंगात रक्त भरले की शस्त्रक्रिया.

मनीला धरावयास कँटीनमधली आमची एक बहीण सोबत आली होती. कुणाला न ओरबाडणारी मांजरी तिच्या हाती शांत राही. डॉक्टरांनी सुई भरता भरता तिच्याकडे पाहिले आणि हात थांबवून म्हणाले, “ताई, तुम्हांला कितवा महिना? तुम्ही बाहेर थांबा. हे औषध चुकून अंगाला टोचले तर तुमच्याही पोटावर बेतेल. प्रोस्टाग्लँडिन तर नुसते कातडीवर सांडले तरी आत जाते, दमेकऱ्यालाही चालत नाही.” वीस वर्षे आम्ही हातमोज्यांसाठी व्यवस्थापकांशी भांडलो, आणि त्या दिवशी गरोदर बाईला सुईजवळ उभे करणारे आम्हीच.

मग मनीला आम्ही धरले. मनगटावरची खूण अजून आहे. आठवड्याच्या आत ती गाभडली; थोडा स्राव झाला, दुसऱ्या दिवशी तिने भाकरीचा कुस्करा खाल्ला. दोन महिन्यांनी शस्त्रक्रिया झाली. खर्च युनियनच्या किरकोळ खात्यात टाकला, तेव्हा वार्षिक सभेत एका सभासदाने रीतसर हरकत घेतली. हरकत नोंदविली गेली आणि रक्कम आम्ही आमच्या खिशातून भरली.