पळस आणि उर्वशी

फाल्गुन लागला म्हणजे शहरांतील माणसास वसंत आठवतो तो बहुधा काव्यांतून. वास्तविक मुंबईहून कर्जतकडे जाणाऱ्या आगगाडीच्या खिडकींतूनही माळावर फुललेला पळस दृष्टीस पडतो. मात्र गाडींतून दिसतो तो नुसता रंग. फूल पाहावयाचें तर झाडाखालीं अर्धा तास तरी थांबलें पाहिजे. फांदीवर पान एकही नाहीं. काळसर मखमली पुष्पकोशांतून केशरी पाकळ्या बाहेर पडलेल्या, आणि त्यांत पोपटाच्या चोंचीसारखा एक बांक. या फुलास गंध नाहीं, म्हणून रूपवान परंतु विद्याहीन पुरुषास संस्कृत सुभाषितकारांनीं त्याची उपमा दिली. त्यांनीं पळसाखालीं एखादी सकाळ काढली नसावी! साळुंक्या, बुलबुल, सूर्यपक्षी यांची मधासाठीं तेथें दाटी असते. आणि पक्षी येतात ते रंग पाहून, वासावरून नव्हे.

शेंगा धरणाऱ्या वनस्पतींच्या ज्या मोठ्या कुळांतला पळस, त्याच कुळांतली उर्वशी. ती पाहण्यास रानांत जाणें नको. भायखळ्याची राणीची बाग, म्हणजे आजचें वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, पुरे. ही मूळची ब्रह्मदेशची. १८२७ सालीं डॉ. वॉलिच यांस ती मार्ताबानजवळ एका बौद्ध मठाच्या बागेंत आढळली. तिच्या लोभानें डेव्हनशायरच्या ड्यूकनें १८३५ सालीं जॉन गिब्सन नांवाचा आपला तरुण माळी हिंदुस्थानांत धाडला. त्यानें रोप जिवंत नेलें. परंतु इंग्लंडांत पहिला बहर आला तो १८४९ सालीं, आणि तोही ड्यूककडे नव्हे, तर लंडनजवळ ईलिंग येथें लॉरेन्सबाईंच्या काचगृहांत.

जिच्यासाठीं तिकडे कांचेचीं घरें तापविलीं, ती मुंबईंत उघड्यावर फुलते. झुंबरासारखे तांबडे घोस खालीं लोंबतात. मोठ्या पाकळ्यांच्या टोंकांस पिंवळा ठिपका असतो. तथापि पळसाचें एकबीजी चपटें फळ वाऱ्यावर जाऊन रुजतें, तर उर्वशीस बीं क्वचितच धरतें. रानांतही ती फार विरळा. तिचा वंश चालतो तो माळ्याच्या दाबकलमावर. एक झाड गेलें आणि कलम केलेलें नसलें, तर त्या बागेपुरता तो वंश संपला.

राणीच्या बागेंत शिरणारांचीं पावलें हल्लीं बहुधा पेंग्विनांकडे वळतात. वाटेंत या झाडाखालीं थांबून वर पाहिलें, तर घोसांबरोबर कोंवळी पालवीही दिसते: जांभळट, ओल्या वस्त्रासारखी लोंबणारी. पुष्कळांस ती सुकलेलीच वाटते. थोड्याच दिवसांत ती हिरवी होऊन ताठ उभी राहते.