मधुमालतीची छाटणी

परसातली मधुमालती कौलांवर चढली, पन्हळीत शिरली, की आपण वैतागून कोयता उचलतो. जरा थांबा. या वेलीला फुलं येतात ती नव्या फुटीवर. म्हणून थंडी ओसरताना, पालवी फुटायच्या आधी छाटावी. उशीर केलात तर बहरही लांबतो.

हातमोजे घाला. पान गळलं तरी देठाचं बूड फांदीवर राहतं आणि वाळून त्याचा आकड्यासारखा काटा होतो. त्याच्याच आधारानं वेल चढते, आणि तोच तळहातात रुततो.

आधी वाळक्या काड्या काढा. शंका आली तर नखानं साल खरवडा. आत हिरवं दिसलं तर फांदी जिवंत. गुंता ओढू नका, तुकडे करत सोडवा. जिवंत फांदी डोळ्याच्या अर्धा पेर वर कापा. एका वेळी तिसऱ्या हिश्शाहून जास्त नको. आणि आत बुलबुलाचं घरटं दिसलं, तर पिल्लं उडेपर्यंत कात्री खाली ठेवा, हे अगदी कळकळीनं सांगते.

नवे कोंब लांबले की मांडवाच्या तारेला सुतळीनं सैल बांधा. संध्याकाळी पांढरी उमलून पुढे गुलाबी, मग लाल होणारी फुलं त्यांच्यावरच येणार आहेत.