ऑर्किडच्या रोपांचा पहिला महिना



मांडवगण फराट्याच्या परिसरात, भीमेच्या अलीकडे शिरूर असो की पलीकडे दौंड, टिश्यूकल्चर केळीचं रोप कुणाला नवीन नाही. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमुळे उसाची अशी रोपंही अनेकांच्या ओळखीची आहेत. पण ही रोपं बांधावर येतात तेव्हा त्यांचं हार्डनिंग झालेलं असतं. बाहेरच्या हवेची सवय लावायचं काम रोपवाटिकेनं आधीच उरकलेलं असतं. ऑर्किडच्या रोपांची बाटली मात्र पुष्कळदा प्रयोगशाळेतून थेट घरी येते, आणि ते काम आपल्या अंगावर पडतं. रोपं दगावतात ती बहुतेक पहिल्या महिन्यातच. म्हणून आज फक्त त्या महिन्याबद्दल बोलतो.

मुळात बाटली लागते कशाला? ऑर्किडचं बी धुळीसारखं असतं. एकेका बोंडात लाखांनी बिया असतात, पण कोंब पोसेल इतका अन्नसाठा एकीतही नसतो. रानात एक बुरशी ही सोय करते. १९२२ मध्ये अमेरिकेत लुईस नडसन यांनी त्या बुरशीशिवाय, साखर घातलेल्या माध्यमावर बी उगवून दाखवलं आणि काचेतली शेती सुरू झाली. आपल्या सह्याद्रीतली सीतेची वेणी नावाची ऑर्किडसुद्धा अशी बियांपासून वाढवता येते. ती झाडावरून ओरबाडून आणायचं काहीच कारण नाही, आणि कुणी आणून विकत असेल तर कृपा करून घेऊ नका.

आता बाटलीतलं रोप नीट पाहा. आतली हवा दमटपणानं भरलेली. त्यामुळे पानावर मेणाचा थर नीट धरलेला नसतो आणि पानाची सूक्ष्म छिद्रं कोरड्या हवेत पटकन मिटत नाहीत. मुळं वाढली ती अगरच्या, म्हणजे बाटलीतल्या माध्यमाच्या लगद्यात. बाहेर आल्यावर त्यातली बरीचशी निकामी होतात, नवी फुटावी लागतात. म्हणजे पानातून पाणी भराभर जातंय आणि मुळाकडून पुरेसं येत नाही. अशा वेळी खत घालणं व्यर्थ आहे, आणि बुडाशी जास्त पाणी ओतणं त्याहून वाईट. हवा दमट ठेवायची, माध्यम मात्र नुसतं ओलसर. सगळा भर यावर द्यायचा.

आपला भाग पर्जन्यछायेतला, एरवी हवा कोरडी. म्हणून बाटली उघडायची ती जूनअखेर ते ऑगस्टमध्ये. उन्हाळ्याच्या झळा आणि डिसेंबर-जानेवारीतल्या थंड रात्री, दोन्ही टाळा.

रोपं कोमट पाण्यात सोडून मुळांना चिकटलेला अगर बोटांनी हलकेच धुऊन काढा, अगदी शेवटच्या कणापर्यंत. त्यात साखर असते आणि राहिलेल्या कणावर दोन दिवसांत बुरशी चढते. मग हातमोजे घालून, लिटरला एक ग्रॅम कार्बेन्डाझिमच्या द्रावणात रोपं थोडा वेळ बुडवा. कागदावर पसरून मुळांवरचं पाणी निथळू द्या. लहानमोठी रोपं वेगळी करा, कारण मोठ्यांच्या गर्दीत लहान दबतात. लावायला प्रोट्रे किंवा छोट्या कुंड्या घ्या. माध्यम म्हणून नारळाच्या सोडणाचे बारीक तुकडे आणि लाकडी कोळसा. सोडणात क्षार असतात, म्हणून तुकडे चार-पाच दिवस भिजवा आणि रोज पाणी बदला. माती अजिबात नको.

ट्रे पॉलिथिनच्या छोट्या बोगद्यात ठेवा आणि वर दाट शेडनेट हवंच. बोगद्यावर थेट ऊन पडलं तर आत रोपं अक्षरशः शिजतात. पहिला आठवडा सकाळ-संध्याकाळ थोडा वेळच कडा उचला. दुसऱ्या आठवड्यापासून रोज थोडं जास्त उघडत जा. चौथ्या आठवड्याच्या सुमारास, तेही पाऊसपाण्याचं वातावरण पाहून, पॉलिथिन काढता येतं. पानं दुपारी मलूल होऊन संध्याकाळी सावरत नसतील, तर घाई झाली असं समजा आणि पुन्हा झाका.

पाण्याबद्दल मला आग्रहानं सांगायचंय. मुळा-मुठा पुण्याचं सांडपाणी घेऊन रांजणगाव सांडसला भीमेला मिळते, आणि तेच पाणी खाली आपल्याकडे येतं. बोअरचं घ्यावं, तर त्यात क्षार असतात. नळाच्या तोटीवर पांढरा थर चढतो, तोच थर या कोवळ्या मुळांवर बसतो. तुरटी फिरवून विरघळलेले क्षार काही जात नाहीत, आणि उकळूनही सगळे जात नाहीत. पावसाचं पाणी धरा. दहा बाय वीस फुटांच्या पत्र्यावर पंचवीस मिलिमीटरची एक सर पडली तर साडेचारशे लिटरच्या आसपास पाणी उतरतं. शंभर रोपांना दिवसाला दोन-तीन लिटर म्हणजे डोक्यावरून पाणी, तेव्हा एवढ्यात कितीतरी महिने निघतात. पहिल्या सरीचं पाणी सोडून द्या, आणि ड्रमला घट्ट झाकण लावा, नाहीतर डास होतात. ड्रम संपलाच तर गावातल्या आरओ प्लांटचा जार चालेल.

फवारणी सकाळी, हातपंपानं, बारीक धुक्यासारखी. उसाच्या पोंग्यात पाणी साचतं तसं या रोपांच्या पोंग्यातही साचतं, आणि ते रात्रभर राहिलं तर पोंगा सडतो. सकाळचं पाणी दुपारपर्यंत सुकायला हवं. एखादं रोप बुडाशी काळं, पाणचट दिसलं की लगेच उचलून लांब टाका, शेजारच्यांना लागण व्हायच्या आत. रात्री बॅटरी घेऊन गोगलगायी वेचा. एका रात्रीत त्या कोवळी टोकं कुरतडून टाकतात.

तीन-चार आठवड्यांनी रोज मुळं पाहायची सवय ठेवा. जुनं मूळ तपकिरी आणि मऊ पडलेलं असेल, पण त्याच्या वरच्या अंगाला एखादं नवं, पांढरं, टोकाला हिरवंगार मूळ डोकावताना दिसेल. रोप लागलं ते तेव्हा. आता खत द्या, त्याआधी नाही. पाण्यात विरघळणारं १९:१९:१९ लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा, तेही माध्यम आधी पाण्यानं ओलं करून. केळीच्या हिशोबानं ग्रॅम वाढवाल तर नवी टोकं जळतील.

एक व्यवहाराची गोष्ट. बाटली मागवताना प्रयोगशाळेला आधीच विचारा, रोपं किती उंच आहेत आणि मुळं किती फुटलीत. इंच-दीड इंचाची, तीन-चार मुळांची रोपं असतील तरच घ्या. मागणी उन्हाळ्यातच नोंदवा, म्हणजे बाटल्या जूनच्या अखेरीला हाती येतील. सोडणाचे तुकडे आणि ड्रम मात्र त्याआधी तयार हवेत.